तुम्ही विचारलंत म्हणून : प्रश्नावली मधेच का सोडली?

पीएच.डी.चा विषय निघाला की हे ठरलेलं असतं : "सर, आराखडा मंजूर होता, प्रश्नावली छापून झाली होती, मग पद्धत का बदलली? आणि तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेचे शिक्षक, मग तटस्थपणाचं काय?" विचारणारे बहुतेक आमच्यासारखेच, नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात संशोधन करणारे. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

विषय होता चाळीसगाव तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची गैरहजेरी. प्रश्नावली पंचबिंदू मापनश्रेणीची, म्हणजे मानसशास्त्रज्ञ लिकर्टने 1932 साली मांडलेली 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत'. "मुलांचं शिक्षण महत्त्वाचं वाटतं" या विधानाला जवळपास सगळ्या पालकांनी 'पूर्ण सहमत' म्हटलं. प्रायोगिक चाचणीत विश्वसनीयता गुणांकही चांगला आला. पण हा गुणांक, म्हणजे क्रॉनबाखचा अल्फा, विधानांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का एवढंच सांगतो. ती कोणाकडे बघून दिली, हे त्यात येत नाही.

ते कळलं एका ओट्यावर. मी विधान वाचत होतो आणि बाईंचं लक्ष माझ्या पेनाकडे. मधेच म्हणाल्या, "काय लिखी राह्यनात गुरुजी? पोरनं नाव ते नही काढशात ना?" त्यांच्या लेखी मी संशोधक नव्हतोच, पटावर नाव ठेवणारा आणि काढणारा माणूस होतो. त्या माणसाला कोण सांगेल की शाळा महत्त्वाची वाटत नाही?

कागद पिशवीत टाकला आणि नुसतं बोलत बसलो. मग उचल निघाली. मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला जोडी एकच धरतात, दोघांनाही जाणं भाग. धाकटं लेकरू फडावर कोण सांभाळणार? म्हणून थोरली सोबत. माझ्या प्रश्नावलीत 'पालकांची उदासीनता' असा अख्खा घटक होता. तो घटक आला कुठून, तर आमच्या शिक्षकांच्या बैठकीतून. गैरहजेरी दिसली की आम्ही हेच बोलतो.

मग मुलाखती आणि निरीक्षणाकडे वळलो. हजेरीपट ठेवले, आकडेही ठेवले. आकड्यांशी माझं वैर नाही. वहीत उजव्या पानावर समोरचा काय म्हणाला ते, डाव्या पानावर माझं : सोबत कोण होतं, सरपंचांच्या गाडीतून गेलो की एसटीने, कोणत्या उत्तरावर मान डोलावली. प्रबंधात विश्लेषण करताना दोन्ही पानं वापरली. शेवटी 'संशोधकाची भूमिका' म्हणून दोन पानं चिकटवून मोकळं होणारे प्रबंध मी बरेच पाहिलेत. त्यांचा उपयोग नाही, स्पष्टच सांगतो.

"मग हे व्यक्तिनिष्ठ झालं," असं प्रगती अहवालाच्या वेळी समितीतल्या एका सरांनी म्हटलंच. मी म्हटलं, सर, व्यक्ती प्रश्नावलीतही होती, फक्त दिसत नव्हती. त्यांना ते पूर्ण पटलं नाही. आणि एका बाबतीत त्यांचं खरं होतं : पद्धत बदलली म्हणून मी गुरुजी असायचा थांबलो नाही. उचलीचा नेमका आकडा मला आजही कोणी सांगत नाही, आणि प्रबंधात मी तसंच लिहिलंय.

तुमचं गाडं याच वळणावर असेल तर आधी गाइडशी बोला. शीर्षक बदलत असेल तर समितीची मान्यता लागते, त्यात वेळ जातो. डावं पान मात्र आजपासून लिहायला घ्या, त्याला कोणाची सही लागत नाही.