६४१ ने भाग जातो

सहली, स्नेहसंमेलनं, मैदान यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मला शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका संख्येबद्दल लिहायचं आहे: ४,२९,४९,६७,२९७. नववीत गणिताच्या सरांनी ती फळ्यावर लिहिली, एकम् दशम् करत सगळ्या वर्गाकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "पाडा हिचे अवयव."

२ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ही संख्या. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यायचा आणि दर वेळी १ मिळवायचा, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. फ्रान्सच्या फर्मा या गणितीला वाटलं, पुढच्याही सगळ्या मूळच निघणार. १६४० मध्ये त्याने तसं पत्रात लिहिलं. सिद्धता हाती नाही, हेही सांगितलं. या ओळीतली सहावी संख्या आमच्या फळ्यावर होती.

१७३२ मध्ये ऑयलर या गणितीने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. सरांना खरा रस होता तो ६४१ सापडलं कसं यात. दिसेल त्या मूळ संख्येने भागत बसायचं तर वही संपेल. ऑयलरने सिद्ध केलं की हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य!

त्यानंतर सरांनी लांबलचक भागाकार न करताच ते सिद्ध करून दाखवलं. शाळेतला तो तास मला सर्वांत प्रिय आहे. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून, ५ गुणिले २ चा ७ वा घात याला ६४१ ने भागलं तर बाकी उणे १, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. चौथा घात केला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. दुसऱ्यावरून, आता ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे (२ चा चौथा घात) ठेवा. उणे (२ चा ३२ वा घात), बाकी १. म्हणजे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की भाग नि:शेष! घातांकांचे नियम आम्हाला पाठ होते. त्यांच्यात एवढी ताकद आहे, हे त्या दिवशी कळलं. एवढ्या मोठ्या गणितीचा अंदाज आमच्या पाठ्यपुस्तकातल्या नियमांनी तपासता येतो, याचा आनंद मला आजही तितकाच होतो.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे का? दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास तोच होता. १८७८ मध्ये ल्यूका या गणितीने ऑयलरची अट आणखी कडक केली: ६४ ऐवजी १२८ ने भागून बाकी १. ६७,००,४१७ चा विभाजक फळ्यावरच्या संख्येचाही विभाजक, म्हणून हीच अट इथेही लागते. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ च्या थोडं पुढे आहे, म्हणून तिथवरच जायचं. अटीत बसणाऱ्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. आजच्या नववीच्या मुलांनो, भागाकार तुम्ही करा. कॅल्क्युलेटर नको.

फर्माच्या त्या पाचांपलीकडे या जातीची एकही मूळ संख्या अजून कुणाला सापडलेली नाही. आणखी नाहीतच, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.