जांभळा शनिवार

आज अलायन्सला, ओहायोत, भाच्याच्या युनिव्हर्सिटीत फुटबॉलची मॅच पाहिली. म्हणजे हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळतात ते फुटबॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं कळलं की पुढचं आपोआप कळत जातं.

माउंट युनियन हे तसं छोटं, खाजगी विद्यापीठ. विद्यार्थी २,०००च्या आसपास. आपल्या तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा याहून जास्त मुलं असतात. पण तिसऱ्या डिव्हिजनचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटाचं, राष्ट्रीय विजेतेपद यांनी तब्बल १३ वेळा मिळवलंय! त्यातली ११ एकट्या लॅरी केरेस या कोचच्या काळातली. १९८६ ते २०१२ मध्ये ३३२ विजय, पराभव फक्त २४.

मला मात्र भिडलं ते वेगळंच. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. ही मुलं पहाटे व्यायाम, दिवसभर लेक्चर, संध्याकाळी सराव करतात ती निव्वळ खेळावरच्या प्रेमापोटी. समोर धडाधड आपटत होती, उठत होती. माझा जीव वरखाली.

हाफटाइमला बँड मैदानात आला. जांभळ्या पोशाखात आमचा क्लॅरिनेटवाला! ताईला व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते, तरी जागीच होती. "अगं, जरा जवळून दाखव ना, बारीक झालाय का?" एवढंच विचारत राहिली, आणि मी स्टँडमध्ये उभी राहून फोन उंच धरला.