पडद्याचा आवाज

मी लातूरकडं कर्णबधिर लेकरांच्या निवासी शाळेत शिकवतो. शनिवारी अर्धी शाळा, त्यात पाऊस लागलेला, ग्राउंडवर नुसता चिखल, मग मोठ्या पोरांनी हट्ट धरला, सर काहीतरी खुनाचं लावा. सीआयडी बघून बघून दरवाजा तोडायची ॲक्टिंग सगळ्यांना पाठ. म्हणलं आज वेगळं बघा, पेनड्राईव्हवर कोलंबो होता, त्या नावाच्या डिटेक्टिव्ह पोलिसाची जुनी अमेरिकन मालिका, त्यातला 1975 चा एपिसोड, सीआयएचा माणूस आपल्याच जुन्या जोडीदार हेराला मारतो तो. मारणारा पॅट्रिक मॅकगूहन (डायरेक्शन पण त्याचंच), मरणारा लेस्ली नील्सन.

आमच्याकडं टीव्ही लाईट चालू ठेवूनच बघतात, अंधार केला की हात दिसत नाहीत. खाली इंग्लिश ओळी येतात पण लेकरांना मराठीच वाचायला जड जातं, तिथं इंग्लिश कुठलं, म्हणून सगळं मीच हातानं सांगायलो. हेर कसा दाखवायचा यावरच दहा मिनिटं गेली. शेवटी पोरांनीच खूण काढली, एक डोळा बारीक करून भिंतीला कान लावायचा. कान! मला हसू आलं, त्यांना काही नाही.

कोलंबोत खुनी पहिल्यापासूनच माहीत असतो. एकानं विचारलंच, मग बघायचं काय? म्हणलं सापडतो कसा ते बघ.

तर खुनी सांगतो, रात्री खून झाला तेव्हा मी ऑफिसात भाषण टेप करायलो होतो, ही घ्या टेप. टेप वाजते, मी भाषण सांगायलो, मध्येच खर्रकन खिडकीचे पडदे ओढल्याचा आवाज येतो. मला आला ऐकू. पण हात भाषणात गुंतलेले, दिलं सोडून.

पुढं कोलंबो त्यावरच बोट ठेवतो, रात्रीच्याला पडदे कशाला ओढले, डोळ्यावर ऊन येत होतं म्हणजे भाषण दिवसाच टेप केलेलं. मी हे रंगात येऊन सांगायलो तर दहावीतल्या एका पोरीनं बेंचवर धाडकन हात मारला. आवाज कधी आला? तुम्ही सांगितलाच नाही!

काय उत्तर देणार. कोलंबोला ऐकू आलं, मला ऐकू आलं, बावीस लेकरांना नाही, अन कोडं तर त्यांना घातलेलं. म्हणलं चुकलो बाई. ती म्हणे चुकलो नको, पहिल्यापासून लावा.

लावलं पहिल्यापासून. आता बूट वाजला तरी सांगायचा, ग्लास ठेवला तरी सांगायचा, दर मिनिटाला पॉज, खांदे भरून आले माझे. तेवढ्यात मेसच्या मावशी दारातून ओरडायल्या, भात गार व्हायलाय म्हणून, मी नुसती मान वळवली तर पोरीनं लगेच टीव्हीकडं बोट केलं, आता कसला आवाज?