सोलो सगळ्यांनाच पायजे, ऱ्हिदम कोण वाजवणार?

जिप्सी जॅझचा बादशहा गिटारवाला जँगो राईनहार्ट, त्याचं नाव काढलं की समोरचा गिटारवाला पहिल्यांदा बोटांवरच येतो. "तो दोन बोटांवाला ना?" हाव, तोच. 1910 चा जन्म, बेल्जियममधलं लिबरशी नावाचं गाव, मानूश जिप्सी घराणं, घर म्हणजे चाकावरची गाडी. 1928 च्या नोव्हेंबरात त्या गाडीला आग लागली, बायको सेल्युलॉइडची फुलं करून विकायची अन् तीच भडकली, त्यात डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं आखडलं. पुढं उरलेल्या दोन बोटांवर त्यानं जे सोलो वाजवले ते पाच बोटं धड असलेल्यांना अजून जमत नाहीत. गोष्ट खरी आहे, भारी आहे, अन् मी पण ती चार लोकांत रंगवून सांगतो. पण ह्या बोटांच्या गोष्टीनं एक घोळ करून ठेवलाय, जँगोच्या मागं बसून जे वाजवत होते त्यांच्याकडं कुणी बघतच नाही.

आणि माझं म्हणणं असंय की हे जिप्सी जॅझ संगीत आज नव्वद वर्षांनी जिवंत आहे ते मागच्यांमुळंच.

जरा इस्कटून सांगतो. 1934 मध्ये पॅरिसला जँगो आणि व्हायोलिनवाला स्टेफान ग्रॅपेली ह्यांनी क्विंटेट म्हणजे पाच जणांचा संच केला, हॉट क्लब नावाच्या जॅझप्रेमींच्या क्लबच्या नावानं. त्यात ड्रम नाही, पियानो नाही, ट्रम्पेट नाही, नुस्ती तारेची वाद्यं. एक व्हायोलिन, एक डबल बास आणि गिटारी किती, तर तीन! एक जँगोची, एक त्याच्या धाकट्या भावाची म्हणजे जोसेफची, एक रॉजर शापूची. तीन गिटारी कशाला, त्याचा किस्सा असा सांगतात की सुरुवातीला दोनच होत्या, आणि जँगोची तक्रार अशी की ग्रॅपेली सोलो घेतो तेव्हा त्याच्या मागं दोन गिटारी असतात, मी घेतो तेव्हा माझ्या मागं एकच, हा काय न्याय झाला! मग तिसरी आणली. म्हणजे बघा, ज्याला आपण सोलोचा बादशहा म्हणतो त्याचं भांडण कशावरून, तर मागच्या ऱ्हिदमवरून. त्याला बरोबर माहीत होतं आपण कुणाच्या जिवावर उडतोय ते.

त्या ऱ्हिदमला ला पाँप म्हणतात. यूट्यूबवर बघितलं की वाटतं काय त्यात, हात खालीवर करायचा. माझा भाचा तेच म्हणला होता, "मामा, हे तर नुस्तं खटक खटक आहे, ह्यात शिकायचं काय?" म्हणलं बाळा, मेट्रोनोम म्हणजे ते ठोके देणारं यंत्र मिनिटाला 220 ला लाव अन् पाच मिनिटं न थांबता वाजवून दाखव. दुसऱ्या मिनिटाला मनगट धरून बसला. चार मात्रांत पहिली आणि तिसरी खालच्या सुरांच्या तारांवर, जराशी हलकी, दुसरी आणि चौथी सगळ्या तारांवर, ठसक्यात आणि आखूड, म्हणजे सूर निघाला रे निघाला की डावा हात लगेच सैल सोडायचा, तार दाबलेली नाही पण बोट तिच्यावर आहेच, आवाज जागच्या जागी बंद. ड्रमवाला जे स्नेअरवर करतो ते इथं गिटारवाल्याचं मनगट करतं. मात्रेच्या आधी बारीकसा वरचा स्ट्रोक काही जण घेतात, काही जण अजिबात नाही, त्यावरून घराण्याघराण्यात फरक कळतो म्हणे, मला अजून सगळे ओळखता येत नाहीत. उजवा हात गिटारीवर टेकवायचा नाही, मनगट वाकवून अधांतरी ठेवायचं. सोलो वाजवणाऱ्याचं पण तेच, शिवाय तार बदलली की नवीन तारेवर पहिला स्ट्रोक खालीच मारायचा, आधीच्या तारेवर शेवटचा काहीही असो. आपण क्लासमध्ये एक खाली एक वर असं शिकलेलो, त्यामुळं हात बंडच करतो. पण आवाज मोठा पाहिजे होता ना त्या लोकांना, माइक-अँप कुठं होते, डान्स हॉलमधी अकॉर्डियनच्या वर ऐकू यायला पाहिजे. जँगो स्वतः आधी अशाच मुझेट नाचाच्या अड्ड्यांवर बँजो वाजवायचा.

गिटार पण त्यासाठीच वेगळी. सेल्मर ही खरं तर सॅक्सोफोन बनवणारी कंपनी, तिनं 1932 मध्ये माकाफेरी नावाच्या इटालियन गिटारवादकाचं डिझाइन बाजारात आणलं. सुरुवातीच्या मॉडेलला इंग्रजी डी अक्षरासारखं मोठं भोक, नंतरच्याला छोटं अंड्यासारखं. छोट्या भोकाचा आवाज चिरत जातो म्हणून सोलोवाले तिकडं वळले, मोठ्या भोकवाल्या ऱ्हिदमला राहिल्या. 1952 पर्यंत जेमतेम हजारभर बनल्या असतील, आज त्याची किंमत विचारायची नाही, आपली लायकी नाही. जगभर कारागीर त्याच्या नकला बनवतात अन् सगळे जण त्याच वाजवतात. परभणीत ती मिळायची सोयच नाही. आम्ही साध्या ॲकॉस्टिकला पातळ दहाच्या तारा लावतो अन् जाड पिक घेतो, ते तिकडचे तर साडेतीन मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत जाडीचं वापरतात, हातात घेतलं तर कॅरमची सोंगटीच वाटते. मे महिन्यात आमच्याकडं पारा 44 च्या वर गेला की लाकूड वाळतं, तारांची उंची बदलते, म्हणून केसमध्ये ओला स्पंज ठेवून द्यायचा. एवढं केलं तरी काम भागतं.

हां, तर मागं वाजवणारे.

पोवाड्याला शाहीर असतो तसे झीलकरी असतात. नाव शाहिराचं, फेटा शाहिराचा, पण झीलकऱ्यांनी जी जी जी नीट धरली नाही तर शाहीर दोन कडव्यांत बसतो खाली. अन् झील धरता धरताच पोरं शाहीर होतात, आधी मागं उभं ऱ्हायचं, तुणतुणं वाजवायचं, कान तयार झाले की मग एखादं कडवं मिळतं. परभणीच्या गोंधळ्यांच्या घरात पण हेच बघितलंय, लहान पोरगं बापाच्या शेजारी बसून झांज वाजवतंय, कुणी त्याला काही शिकवत नाही, ते आपलं बसलंय.

मानूश आणि सिंती, दोन्ही जिप्सीच, ह्या लोकांत डिट्टो हेच. पोराच्या हातात गिटार दिली की पहिली काही वर्षं त्यानं काका-मामांच्या मागं पाँप वाजवायचा. नोटेशन नाही, पुस्तक नाही. जँगोला स्वतःला नोटेशन वाचता येत नव्हतं, लिहिता-वाचता पण धड येत नव्हतं. 1953 मध्ये तो गेला, 43 वर्षांचा, सामवा नावाच्या सेन नदीकाठच्या गावात. तेव्हा फॅशन बदलली होती, इलेक्ट्रिक गिटार आली होती, जँगोनंच शेवटी शेवटी इलेक्ट्रिकवर बीबॉप म्हणजे तेव्हाचा नवा जॅझ वाजवला होता. पॅरिसच्या क्लबांतून हा आवाज जवळपास गेला. मग टिकला कुठं? गाड्यांच्या वस्त्यांवर, लग्नात, शेकोटीभोवती. तो पण असातसा काळ नाही, आठ-दहा वर्षं आधी नाझींनी ह्याच लोकांना लाखोंनी मारलेलं, अख्खी कुटुंबं गेलेली. जँगोनं 1943 मध्ये स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला होता, सीमेवरून परत पाठवला त्याला. त्यातून जे उरले त्यांनी ह्या गोष्टी पोरांच्या हातात दिल्या.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणत मिरवणाऱ्या आमच्या गाववाल्यांना मी आवर्जून सांगतो की खरोखरच्या जर्मनीत श्नुकेनाक राईनहार्ट नावाचा सिंती व्हायोलिनवाला होता, त्यानं युद्धानंतरच्या जर्मनीत हे संगीत पुन्हा स्टेजवर आणलं. आज तिथलाच गिटारवाला योशो श्टेफान आहे, एवढ्या स्पीडनं वाजवतो की व्हिडिओ फास्ट केलाय का काय असं वाटतं.

आता मोठी नावं. बिरेली लाग्रेन, फ्रान्सच्या अल्सासमधला, 1966 चा. तेराव्या वर्षी त्याची पहिली रेकॉर्ड आली, सगळे म्हणाले जँगो परत आला. पोरगं मात्र वैतागलं असणार, कारण पुढं ते फ्यूजन म्हणजे जॅझ-रॉकच्या मिश्रणाकडं गेलं, बास गिटारवाल्या जॅको पास्टोरियससोबत वाजवलं, वीसेक वर्षं इकडं तिकडं फिरून 2001 मध्ये जिप्सी प्रोजेक्ट नावानं परत आलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये बिरेलीला ऐका, ऐकायलाच पाहिजे, पण एकदा फक्त होनो विंटरस्टाईनला ऐका. मागं आहे तो. पूर्ण गाण्यात एकदा पण पुढं येत नाही, एकदा पण हलत नाही. हेडफोन लावून नुस्ता तेवढाच आवाज धरून बसा, मी बसतो, लई शांत वाटतं.

हॉलंडच्या रोझेनबर्ग त्रिकुटाचं पण तसंच. स्टोकेलो सोलो, त्याचे चुलतभाऊ नूशे आणि नोनी मागं, एक ऱ्हिदम आणि एक बास. 1989 मध्ये पहिली रेकॉर्ड आली, त्याआधी लहानपणापासून घरात एकत्रच. स्टोकेलोचा व्हायब्रॅटो, तो एकेका सुराला लोंबकाळून जे रडवतो त्याला तोड नाही, माझ्या मते आज जिवंत असलेल्यांत सगळ्यात गोड हात त्याचा, बिरेलीवाले भांडायला येतील तर या. पण त्याला तसं सुरावर रेंगाळायची सवड कोण देतं? नूशे देतो. मागचा एक मिलिसेकंद पळाला तर हा रेंगाळू शकेल का.

चावोलो श्मिट, दोरादो श्मिट, अँजेलो देबार, बेल्जियमचा फापी लाफर्टिन, ही सगळी पण ऐकायची माणसं आहेत, एकेकावर वेगळं लिहीन कधी. दोरादोची पोरं आता स्टेजवर असतात. पॅरिसच्या कडेला जुन्या बाजारात एक छोटा कॅफेबार आहे, शोप दे प्यूस, तिथं मोंदीन गार्सिया आणि त्याचा मुलगा निनीन वर्षानुवर्षं शनिवार-रविवारी वाजवायचे, बाजाराला आलेली माणसं उभ्याउभ्या ऐकायची. मोंदीन गेला, तरी तिथलं नाव अजून निघतं. आणि जँगोच्या नावानं उत्सव असतो, पहिल्यांदा 1968 मध्ये सामवाला झाला, पुढं दरवर्षी व्हायला लागला, 2017 पासून शेजारच्या फाँतेनब्लोला असतो. गेलेले लोक सांगतात, स्टेजपेक्षा बाहेर तंबूंत मजा असते, रात्रभर अनोळखी माणसं गोल करून वाजवतात. त्या गोलाचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, एक जण सोलो घेणार, बाकीचे पाँप देणार, मग पुढचा. तुम्हाला पाँप येत नसेल तर सोलो कितीबी भारी असू द्या, गोलात कुणी बसवून घेत नाही.

मला खटकतं ते इथंच. ऑनलाइन आजकाल जो तो जँगोचा सोलो सुरासूर पाठ करून टाकतो, बॅकिंग ट्रॅकवर. ट्रॅक काय, कुणीतरी एकदा रेकॉर्ड केलेला, तो तुमच्याकडं बघत नाही, तुम्ही चुकलात तर सांभाळून घेत नाही. पोरं हुशार आहेत, हात पळतात, पण दोघं समोरासमोर बसवले तर कुणालाच साथ करता येईना. ह्याला परंपरा चालवणं म्हणायचं का? मॉन्ट्रियलचा गिटारवाला डेनिस चँग सारखा माणूस स्वतः त्या समाजातला नाही, पण सिंती लोकांत जाऊन बसून शिकला, अन् त्याच्या ऑनलाइन शाळेत ऱ्हिदमवर वेगळे धडे आहेत. मॉन्ट्रियलचीच क्रिस्टीन तासाँ बायकांचा बँड चालवते, ह्या पुरुषांच्या गर्दीत. म्हणजे बाहेरच्यांनी शिकू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, नाहीतर मी परभणीत बसून काय करतोय. शिकायचं तर मागच्या खुर्चीपासून शिका, एवढंच.

आमचं काय चाललंय ते सांगतो. भाचा, त्याचा एक दोस्त आणि मी, रविवारी गच्चीवर बसतो. मी ऱ्हिदमवाला, आधी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होतो त्यामुळं मागं बसायची सवय आहेच. 'मायनर स्विंग' पासून सुरू केलं, जँगो-ग्रॅपेलीचं 1937 चं, मोजून तीन-चार कॉर्ड, पण सहावा सूर घालून मायनर धरायचा असतो अन् खर्जाच्या तारेवर अंगठा वरून आणायचा, जँगो असाच धरायचा. आमच्या गल्लीतले तबल्याचे गुरुजी एकदा वर आले, जरा वेळ ऐकलं अन् म्हणाले, "अरे, तुमचा जोर दुसऱ्या अन् चौथ्यावर आहे, समेवर कामून नाही?" म्हणलं गुरुजी, ह्यांच्यात असंच असतं. टाळी देत बसले मग, दोन आवर्तनांत त्यांनी बरोबर पकडलं, भाच्याला महिने लागले होते त्याला. बास नाही आमच्याकडं. व्हायोलिन तर स्वप्नातच. शहरात एक दोघं वाजवतात, पण ते कर्नाटकी शिकलेत अन् त्यांना वेळ नसतो.

तर परभणी, जिंतूर, सेलू, पूर्णा, हिंगोली, नांदेडकडचं कुणी वाचत असेल आणि गिटार येत असेल तर कमेंटमध्ये लिहा. जॅझ येत नसेल तरी चालतंय, बार कॉर्ड धरता आले अन् लय पळत नसेल तर बास झालं. फक्त आधी सांगून ठेवतो, जागा ऱ्हिदमची आहे. सोलोला नंबर लागलेत, भाच्याचा पहिला, आणि तो काही लवकर सोडत नाही.