लव्हाळा अपडेट: मधला वाफा जिंकला, कडांनी वाट लावली

मागच्या वेळी काळं प्लास्टिक फाडून वर आलेल्या कोंबांचे फोटो टाकले होते, तेव्हा बरेच जण म्हणाले होते की लव्हाळ्यापुढे, म्हणजे या चिवट तणापुढे, हात टेका. नाही टेकले! यावेळी पारदर्शक शीट टाकली आणि मधल्या वाफ्यात त्याच्या जमिनीखालच्या गाठी, ज्यातून तो परत फुटतो, चक्क काळ्या पडून सुकल्यात, नखाने दाबलं तर आत पोकळ. तासभर नुसता उकरून उकरून बघत बसलो होतो.

खरी गंमत कोंबात आहे. अंधारात तो गुंडाळलेलाच राहतो, सुईसारखा टोकदार, त्यामुळे काळी शीट सरळ आरपार. पारदर्शक शीटखाली त्याला उजेड दिसतो, त्याला वाटतं आलो वर, आणि तिथेच पानं उलगडतो, मग शीट फोडायचा जोरच उरत नाही आणि पानं तिथल्या तिथे करपतात. एरवी सोलरायझेशनला (शीटखाली उन्हाने माती तापवून तण मारायला) शीट मातीला चिकटून ताणायची असते, पण लव्हाळ्याला पान उलगडायला जागा लागते म्हणून मी मध्ये बारीक ढेकळं ठेवून अर्धा-एक सेंटीमीटर फट ठेवली. आधी वाफा भरपूर भिजवला, ओल असली की उष्णता खोल उतरते आणि झोपलेल्या गाठीही फुटतात. ऐन उन्हाळा, सहा आठवडे, शीट अजिबात उचलायची नाही.

आता डोक्याला ताप म्हणजे कडा. माती पुरून शीट दाबली तिथे ती तापतच नाही, आणि त्या वीतभर पट्ट्यातून लव्हाळा परत आत सरकतोय. खुरपं तिथे काही कामाचं नाही, मान तुटते आणि गाठ खालीच, शिवाय गाठींना जोडणारी साखळी तुटली की बाकीच्या गाठी जाग्या होतात. गार्डन फोर्कच हवा, जास्त गाठी वरच्या १५ सेंमीतच असतात, पूर्ण साखळी उचलायची आणि कडक उन्हात पसरून वाळवायची, कंपोस्टमध्ये अजिबात नाही!

शीट घेताना मायक्रॉन, म्हणजे जाडी, विचारा. विक्रेता 'जाड आहे हो' एवढंच म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. इथे २५ ते ५० मायक्रॉनच बरी, जाड शीट उलट कमी तापवते. मीठ-व्हिनेगरवाल्यांना काय बोलणार, वरची पानं जळतात, गाठ मजेत, आणि मिठाने माती जाते ती वेगळीच.

पुढच्या उन्हाळ्यात हीच शीट भिंतीकडच्या वाफ्यावर टाकणार होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की तिथे दुपारनंतर ऊनच नसतं, शीट तापणार कशी? मग तिथे उलटा डाव, लव्हाळ्याला सावली सोसत नाही म्हणून दाट चवळी पसरवायची. आणि मोकळ्या वाफ्यांवर शीट कडेच्या बाहेर फूटभर जास्त टाकतो, म्हणजे न तापणारा पट्टा पायवाटेवर जाईल. पसरणारी चवळी कोणी लव्हाळ्यावर लावून बघितलीय का? बियाण्यात किती अंतर ठेवलंत ते सांगा, पाऊस पडायच्या आत पेरायचीय.