शब्द गाळलेलं शीर्षकगीत

रविवार, रात्री

दुपारी वानवडीला काकांकडे जेवायला होतो. काका एएफएमसीचे (इथलं लष्करी वैद्यकीय महाविद्यालय), लष्करात सर्जन होते. निवृत्तीनंतर ‘मॅश’ ही कोरियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकन मालिका कितव्यांदा बघतायत कोण जाणे! आज मीही बसलो. डोंगरावरून हेलिकॉप्टर येतात, नर्सेस धावत सुटतात आणि ती गिटार सुरू होते. विनोदी मालिकेला इतकी उदास चाल!

चाल मुळात मालिकेची नाहीच. १९७० साली रॉबर्ट आल्टमन यांनी ‘मॅश’ चित्रपट केला. त्यात जीव द्यायला निघालेल्या डेंटिस्टला दोस्तमंडळी खोटा निरोप देतात, त्या प्रसंगासाठी जॉनी मँडेल यांनी ती बांधली. आल्टमनना शब्द हवे होते अगदी बावळट. स्वतःला जमेनात, म्हणून काम दिलं चौदा वर्षांच्या मुलाला, माइकला. (आपल्याकडे या वयात पोराला क्लासला बसवतात.) पुढे आल्टमन टीव्हीवर सांगायचे, दिग्दर्शनाचे मला सत्तर हजार डॉलर मिळाले, पोराने गाण्यावर दहा लाखांच्या वर कमावले. बापाच्या बोलण्यात कौतुक किती आणि जळजळ किती, देव जाणे.

१९७२ मध्ये मालिका आली तेव्हा चाल ठेवली, शब्द गाळले. आत्महत्येवरचं गाणं दर आठवड्याला घराघरांत कोण वाजवणार? कोरियाचं युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा. वाहिनीच्या आग्रहाने तिच्यात ध्वनिमुद्रित हशा घातला होता, पण ऑपरेशनच्या प्रसंगांत तो नाही. हे काकांनी दाखवलं. मला वाटतं, त्या प्रसंगांचा सूर सुरुवातीची गिटारच लावून देते. तिथे खेळकर चाल असती तर टेबलावरचं रक्त खोटं वाटलं असतं.

मग काका ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सवर घसरले. कर्नल रंगराज यांची ही आपली लष्करी वैद्यकीय तुकडी १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात पोचली होती, थेट आघाडीवर. “त्यांच्यावर काढा म्हणावं कुणीतरी मालिका,” म्हणाले. खरंच काढायला हवी.

रात्री शब्दांसकटचं गाणं लावलं. हेच १९८० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. मला नाही आवडलं. मँडेल यांची चाल मोकळीच बरी. उद्या काकांना फोन करून सांगतो. वाद घालतीलच, त्यांना सगळी कडवी पाठ आहेत.