केसपेपरची रांग
परवा घणसोलीत जेवताना वाद रंगला: कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांवर करदात्यांचा पैसा का खर्चावा? भाऊजींचा त्रागा मला समजतो. पालिकेच्या दवाखान्यात तापलेले पोर खांद्यावर घेऊन केसपेपरच्या रांगेत तासभर उभे राहिले, की पुढचे प्रत्येक माणूस डोळ्यांत खुपते. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, प्लायलर विरुद्ध डो खटल्यात, कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळेपासून रोखू देणारा टेक्सासचा कायदा (पाच विरुद्ध चार मतांनी का होईना) रद्द केला, कारण आईबापांच्या कृतीची शिक्षा मुलांना देणे त्याला मान्य नव्हते. आपल्या घटनेचा अनुच्छेद १९ नागरिकांपुरता आहे. २१ मात्र प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे संरक्षण करतो. घरकुल आणि गोवराची लस भाऊजी एकाच मापाने मोजतात, ते मला पटत नाही. लस चुकलेल्या मुलाचा गोवर शेजारच्या चाळीतही पोचतो.